मनुष्याची चूक व तिचें मोजमाप

मनुष्य स्खलनशील आहे, हें वचन आपण सर्वांनीं लहानपणापासून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचा अर्थ काय ह्याचा विचार करण्याचें आपण सोडूनच दिलें आहे. परीक्षेंत गुण कमी पडले, दुकानदाराचा हिशेब चुकला, किंवा वळणावर गाडी उलटली, म्हणजे हें वचन पुढें येतें आणि विषय तेथेंच संपतो. परंतु ज्या कारखान्यांत थोड्या माणसांच्या चुकीनें हजारों कुटुंबांस घरदार सोडून जाण्याचा प्रसंग येऊं शकतो, तेथें एवढ्यानें भागत नाहीं. तेथें असा प्रश्न विचारावा लागतो कीं, मनुष्य चुकतो हें खरें, पण शंभरांत किती वेळां चुकतो? दिवसा किती व रात्रीं किती? दिवे गेले असतां, पाणी चढत असतां, धूर कोंडला असतां किती? अणुशक्तीपासून वीज उत्पन्न करणाऱ्या केंद्रांच्या संबंधानें गेल्या पन्नास-साठ वर्षांत ह्या प्रश्नाचें एक स्वतंत्र शास्त्र बनलें आहे. त्याची थोडीशी ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

जुन्नर व आंबेगांव ह्या आमच्या तालुक्यांत अणुशक्तिकेंद्र नाहीं. महाराष्ट्रांतील असें केंद्र पालघर जिल्ह्यांत समुद्रकांठीं तारापूर येथें आहे; तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालीं सुरू झाल्या. मग ह्या विषयाचा आमच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. घोडनदीवरील डिंभें, कुकडीवरील माणिकडोह व येडगांव, मीनेवरील वडज, आणि पिंपळगांव जोगें अशीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें ह्या दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर जुनें आंबेगांव गांवच गेलें. श्रावणाच्या मुसळधार पावसांत धरणाचे दरवाजे केव्हां व किती उघडावयाचे, हें ठरविणारा मनुष्य आणि अणुभट्टीच्या नियंत्रण-कक्षांत बसलेला मनुष्य, हे दोघे एकाच जातीच्या पेंचांत असतात. दरवाजे उशिरां उघडले तर खालच्या गांवांत पाणी शिरतें. लवकर उघडले आणि पाऊस थांबला, तर उन्हाळ्यांत उंसाला, द्राक्षांना व कांद्याला पाणी पुरत नाहीं, आणि लोक त्याच माणसास बोल लावतात. चूक दोन्ही बाजूंस उभी असते, वेळ थोडा असतो, आणि खरी स्थिति काय आहे हें त्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं. एखाद्या काट्यावरून किंवा टेलिफोनवरील शब्दावरून ती ओळखावी लागते.

अणुभट्टीच्या बाबतींत एक गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. चुलींतलीं लांकडें बाहेर ओढलीं तरी निखारे धगधगत राहतात. त्याचप्रमाणें अणुभट्टी बंद केली तरी तिच्यांतील इंधन तापत राहतें. बंद केल्याच्या क्षणीं ही उष्णता पूर्ण उष्णतेच्या शेंकडा सहा-सात इतकी असते. तासाभरांत ती शेंकडा दीडच्या आसपास येते. आणि पुढें दिवसेंदिवस, महिनेमहिने, फार सावकाश ओसरते. शेंकडा एक म्हणजे कांहींच नाहीं, असें कोणास वाटेल. पण तारापूरच्या मोठ्या भट्ट्या ५४० मेगावॅट वीज देण्यास योजिलेल्या आहेत व त्यासाठीं त्यांत वीजेच्या तिपटीहून अधिक उष्णता उत्पन्न होते. तिचा शेंकडा एक म्हणजे एकेका किलोवॅटच्या सुमारें सतरा हजार विजेच्या शेगड्या एकाच ठिकाणीं पेटलेल्या! म्हणून बंद भट्टींतूनही पाणी फिरत राहिलें पाहिजे. तें थांबलें कीं इंधन उघडें पडतें, आणि उघडें पडलेलें इंधन वितळतें. दिवा मालवून घरीं जावें, असा हा धंदा नव्हे.

आतां मनुष्य कसा चुकतो तें पाहूं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत थ्री माइल आयलंड नांवाचें ठिकाण आहे. १९७९ च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेस पहांटे चारच्या सुमारास तेथील दुसऱ्या भट्टीस पाणी पुरविणारे मुख्य पंप बंद पडले. भट्टी आपोआप बंद झाली. दाब वाढला होता. तो उतरविण्यासाठीं एक झडप आपोआप उघडली. येथपर्यंत सर्व योजिल्याप्रमाणें झालें. दाब उतरल्यावर ती झडप मिटावयास पाहिजे होती, पण ती अडकून उघडीच राहिली, आणि तिच्यांतून भट्टीचें पाणी वाहून जाऊं लागलें. नियंत्रण-कक्षांत ह्या झडपेसाठीं एक दिवा होता. तो विझला, म्हणून तेथील लोकांस वाटलें कीं झडप मिटली. वास्तविक तो दिवा झडपेची स्थिति दाखवीतच नव्हता. झडपेस मिटण्याचा विजेचा हुकूम गेला, एवढेंच तो सांगत होता. नोकरास 'दार लाव' असें सांगितलें म्हणजे दार लागलेंच असें समजण्यासारखा हा प्रकार होय.

पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजूं व चमकूं लागले. त्यांतला मुख्य कोणता व त्याच्या मागोमाग आलेला कोणता, हें निवडण्याची सोय नव्हती. दोन दिवसांपूर्वीं तपासणीच्या वेळीं मिटलेल्या दुसऱ्या दोन झडपा तशाच मिटलेल्या राहिल्या होत्या, आणि आठ मिनिटें होईपर्यंत तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. त्यांच्यापैकीं एका झडपेच्या दिव्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लोंबत होती. दाब राखणाऱ्या पात्रांतील पाण्याची पातळी तर वर चढत असलेली दिसत होती, आणि तें पात्र कधींही तुडुंब भरूं देऊं नये, असा धडा ह्या लोकांच्या अंगीं मुरविलेला होता. म्हणून त्यांनीं आपोआप सुरू झालेला पाण्याचा जादा पुरवठा हातानें कमी केला. भट्टी कोरडी पडत होती, आणि हे लोक ती बुडूं नये म्हणून जिवाचें रान करीत होते. सहा वाजून बावीस मिनिटांनीं, नव्यानें आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून, अडकलेल्या झडपेच्या मार्गांतील दुसरी झडप बंद करण्यांत आली. तोंपर्यंत दोन तासांहून अधिक काळ लोटला होता. भट्टींतील जवळजवळ अर्धें इंधन वितळलें, असें पुढें आढळून आलें.

त्या पाळीवरील माणसें आळशी किंवा अडाणी नव्हतीं. अमेरिकेच्या आरमारांतील अणुभट्ट्यांवर काम केलेलीं होतीं. त्यांस ज्या चुकीचें भय घातलें होतें ती टाळण्याच्या भरांत त्यांनीं दुसरी केली. वर्तमानपत्रांत 'मानवी चुकीमुळें अपघात' असें छापून आलें म्हणजे चौकशी संपली, असें समजण्याची चाल पडली आहे; आमच्या मतें चौकशी तेथून सुरू व्हावयास पाहिजे. दिवा काय दाखवीत होता? चिठ्ठी कोठें लोंबत होती? इशारे किती होते, आणि विचार करण्यास वेळ किती होता? हे प्रश्न विचारले म्हणजे चूक ही त्या माणसाच्या स्वभावापेक्षां त्याच्या भोंवतालच्या परिस्थितींत अधिक सांपडते. आणि परिस्थिति ही आधीं पाहतां येते, मोजतां येते व बदलतांही येते.

मोजण्याची रीत अशी. अमेरिकेंत ॲलन स्वेन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें पुष्कळ वर्षें ह्या विषयास वाहून घेतलें होतें. त्यानें एका सहकाऱ्याबरोबर तयार केलेला जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ १९८३ सालीं बाहेर पडला. कोणतेंही काम घ्यावें व त्याच्या लहान लहान पायऱ्या पाडाव्या. प्रत्येक पायरीवर चूक होण्याची संभवनीयता लिहावी. आणि मग फांद्या फुटलेल्या झाडाप्रमाणें त्यांची मांडणी करून एकंदर उत्तर काढावें, असें त्यांत सांगितलें आहे. आपल्या धरणाचेंच उदाहरण घेऊं. पातळीचा काटा वाचणें, ती पातळी टेलिफोनवरून कळविणें, आलेला हुकूम बरोबर ऐकणें, आणि नेमक्या दरवाजाची कळ दाबणें, अशा चार पायऱ्या समजा. शांत दिवशीं प्रत्येक पायरीवर हजारांत तीन वेळां चूक होते, असें उदाहरणापुरतें धरूं. चारही पायऱ्या निर्दोष पार पडण्याची संभवनीयता ०.९९७ चा चतुर्थ घात, म्हणजे सुमारें ०.९८८ होते. अर्थात् कोठें तरी चूक होण्याचा संभव हजारांत बाराच्या जवळपास येतो. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित करून पाहावें.

परंतु हा झाला शांत दिवस. संकटाच्या वेळीं हात चुकतो तो थोडा. खरी चूक होते ती निदानांत, म्हणजे काय बिघडलें आहे हें ओळखण्यांत. ह्यासाठीं स्वेनच्या ग्रंथांत एक कोष्टक आहे, आणि सगळ्या ग्रंथांत तें आम्हांस अत्यंत बोधप्रद वाटतें. धोक्याचा इशारा झाल्यापासून एका मिनिटाच्या आंत नियंत्रण-कक्षांतील मंडळी बिघाड ओळखतील, अशी आशाच धरूं नये. न ओळखण्याची संभवनीयता पूर्ण एक. दहा मिनिटें मिळालीं तर ती दहांत एक. वीस मिनिटें मिळालीं तर शंभरांत एक. अर्धा तास मिळाला तर हजारांत एक. आणि एक तास मिळाला तर दहा हजारांत एक. माणसें तींच, त्यांचें शिक्षण तेंच, यंत्रेंही तींच. केवळ वेळ वाढल्यानें चुकीचा संभव दहा हजार पटींनीं उतरतो. म्हणूनच पुष्कळ देशांतील रचनाकार असें धोरण ठेवतात कीं, अपघात सुरू झाल्यापासून पहिला अर्धा तास कोणीही माणसानें कांहींही केलें नाहीं तरी भट्टी स्वतःस सांभाळील.

वेळाची ही किंमत पुणें जिल्ह्यास निराळ्या शाळेंत शिकावी लागली आहे. पानशेतचें मातीचें धरण पुरतें बांधून होण्यापूर्वींच त्यांत पाणी अडविलें गेलें, आणि १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं तें फुटलें. पाठोपाठ खडकवासल्याचेंही धरण गेलें व पुणें शहरांत हाहाकार उडाला. धरण खचत असतां लष्कराच्या जवानांनीं पोतीं रचून तें कांहीं तास तगविलें. तें रात्रीं न फुटतां दिवसा फुटलें, ह्यामुळें किती जीव वांचले ह्याची मोजदाद करतां येत नाहीं. पण अडचण कोठें होती? पाणी अडविण्याचा निर्णय घेतला गेला तेव्हां कोणी अंधारांत किंवा धुरांत बसलेलें नव्हतें. कांहीं चुका शांतपणें, कचेरींत, दिवसाढवळ्या होतात आणि वादळाची वाट पाहत निजून राहतात. थ्री माइल आयलंडच्या त्या मिटलेल्या दोन झडपा ह्याच जातीच्या होत. मोजमाप करणारास अशा निजलेल्या चुकाही धरून चालावें लागतें.

वेळाखेरीज दुसऱ्याही गोष्टी आहेत. २००५ सालीं अमेरिकेंतील आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें ह्या कामाची एक सुटसुटीत पद्धति प्रसिद्ध केली. तींत आठ गोष्टी पाहिल्या जातात: मिळालेला वेळ, मनावरील ताण, कामाची गुंतागुंत, अनुभव व शिक्षण, लेखी सूचना, यंत्रांची मांडणी, शरीराची स्थिति, आणि एकंदर कामाची शिस्त. निदान चुकण्याची साधारण संभवनीयता शंभरांत एक धरतात. ताण अतिशय असेल तर तिला पांचांनीं गुणावयाचें; वेळ जेमतेम असेल तर दहांनीं; गुंतागुंत फार असेल तर पुन्हां पांचांनीं. तिन्ही एकदम आलीं म्हणजे गुणाकार २५०, आणि उत्तर अडीच! संभवनीयता एकाहून मोठी कशी होईल, असें चाणाक्ष विद्यार्थी लगेच विचारील. त्यासाठीं ह्या पद्धतींत एक दुरुस्ती सांगितली आहे. वर अडीच लिहावे, खालीं ०.०१ ला २४९ नीं गुणून त्यांत १ मिळवावा, म्हणजे ३.४९ येतात, भागाकार सुमारें ०.७२. जो मनुष्य शांत दिवशीं शंभरांत एकदां चुकला असता, तोच आतां शंभरांत बहात्तर वेळां चुकेल. ह्यांत त्याचा कोणता दोष?

येथें एक शंका सहजच येते. एक चुकेल म्हणून दुसरा तपासणारा ठेवला तर? दोघेही शंभरांत एकदां चुकणारे असले, तर दोघे मिळून चुकण्याचा संभव दहा हजारांत एक व्हावयास पाहिजे. कागदावर हें खरें आहे. परंतु दोघे स्वतंत्र असतील तरच. एकाच पाटीवरून दोन मुलांनीं उत्तर उतरून घेतलें, तर दुसऱ्या उत्तरानें पहिल्याची खात्री पटत नाहीं. कनिष्ठ मनुष्य वरिष्ठाच्या शेजारीं उभा राहून, तोच काटा पाहून, 'होय साहेब' म्हणत असला, तर स्वेनच्या हिशेबानें त्यांचें परावलंबन मोठें समजतात. मग पहिला चुकल्यावर दुसराही चुकण्याचा संभव जवळजवळ निम्मा धरतात. आणि दहा हजारांत एक होणारी चूक दोनशेंत एक होऊन बसते. आमच्या समाजांत वडीलधाऱ्यांचें बोलणें खोडून काढूं नये, अशी शिकवण आहे, आणि घरांत ती शोभते. नियंत्रण-कक्षांत व धरणाच्या सांडव्यावर मात्र 'साहेब, मला काटा निराळा दिसतो' असें म्हणणारा धाकटा मनुष्यच मोलाचा.

यंत्रांचीही अशीच गोष्ट आहे, आणि तिचें उदाहरण आपल्या देशांत घडलें. उत्तर प्रदेशांत गंगेच्या कांठीं नरोरा येथें अणुशक्तिकेंद्र आहे. ३१ मार्च १९९३ रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास तेथील पहिल्या भट्टीच्या टर्बाइनचीं पातीं तुटलीं. यंत्र प्रचंड हादरलें. हायड्रोजन वायु बाहेर पडून पेटला व तेलानेंही पेट घेतला. आग विजेच्या तारांस लागली. मुख्य तारा गेल्या तर उपयोगीं पडाव्या म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या तारा पुरेशा अलग नव्हत्या, त्याही जळाल्या. सुमारें सतरा तास केंद्रास वीज नव्हती. नियंत्रण-कक्षांत धूर शिरला व तेथील मंडळींस तो सोडावा लागला.

पण कक्ष सोडण्यापूर्वीं, पातीं तुटल्यापासून एका मिनिटाच्या आंत, त्यांनीं भट्टी हातानें बंद केली होती. पुढें कांहीं जण हातांत विजेऱ्या घेऊन काळोखांत वर चढले आणि झडपा हातांनीं उघडून बोरॉनमिश्रित द्रव भट्टींत सोडला. बोरॉन हें द्रव्य अणूंच्या विघटनाची सांखळी पुन्हां चालूं होऊं देत नाहीं. डिझेलवर चालणारे आग विझविण्याचे पंप सुरू करून त्यांचें पाणी वाफेच्या पात्रांत घालण्यांत आलें, आणि निखाऱ्यांची उष्णता अशा रीतीनें बाहेर काढली गेली. केंद्राबाहेर किरणोत्सर्ग पसरला नाहीं. वरील कोष्टकांत ह्या रात्रीचे आंकडे घातले तर उत्तर फारच निराशेचें येईल. तरी माणसें योग्य तेंच वागलीं. मनुष्य हा यंत्राचा कच्चा दुवा आहे, असें म्हणणारांस आम्ही नरोऱ्याची ही रात्र दाखवूं इच्छितों. कारण त्या रात्रीं यंत्रांचे पक्के दुवे एकामागून एक तुटले होते.

पुढच्याच वर्षीं, १९९४ च्या जूनमध्यें, गुजराथेंत तापीकांठीं काकरापार येथें निराळाच प्रसंग आला. अतिवृष्टीनें केंद्राजवळील तलावाचें पाणी चढलें. तलावाचे दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहींत. आणि पाणी बाहेर जावें म्हणून केलेल्या मार्गांनींच तें उलट आंत येऊन टर्बाइनच्या इमारतींत शिरलें. सुदैवानें भट्टी त्या वेळीं बंद होती. अणुशास्त्राच्या एवढ्या मोठ्या व्यापाचें कोडें शेवटीं एका तलावाच्या दरवाजापाशीं येऊन अडलें, ही गोष्ट धरणांच्या सावलींत राहणाऱ्या आमच्या वाचकांस फारशी नवलाची वाटणार नाहीं.

जपानांतील फुकुशिमाची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्यांतील एकच भाग सांगतों. ११ मार्च २०११ रोजीं भूकंपामागून आलेल्या समुद्राच्या लाटेनें डिझेल जनित्रें बुडालीं, आणि पहिल्या भट्टीच्या नियंत्रण-कक्षांतील काटेही विजेवांचून मेले. ह्या भट्टीस थंड ठेवणारें एक पात्र होतें. तें चालूं आहे कीं बंद, ह्याविषयीं माणसांत एकवाक्यता नव्हती. मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणून कांहीं काटे जिवंत करण्यांत आले. पाण्याची पातळी दाखविणारा काटा जागा झाला, आणि त्यानें इंधनाच्या वर पाणी आहे असें दाखविलें. तें खोटें होतें. आंधळ्यास वाट न दिसणें वेगळें, आणि डोळसास खोटी वाट दिसणें वेगळें. दुसरें अधिक घातक.

ह्या प्रसंगानंतर मोजमापाच्या शास्त्रावरच मोठा आक्षेप आला, व तो आम्हांस योग्य वाटतो. कोष्टकांतील बहुतेक आंकडे नेहमीच्या कामावरून व नकली नियंत्रण-कक्षांतील सरावावरून बसविलेले आहेत. नॉर्वेंतील हाल्डेन येथें अशा नकली कक्षांत खऱ्या केंद्रांतील मंडळींस बसवून निरनिराळ्या पद्धतींचीं भाकितें ताडून पाहिलीं, तेव्हां एकाच कामासाठीं पद्धतीगणिक आंकडे निराळे निघाले. शिवाय नकली कक्षांत वीज खरोखर जात नाहीं. सराव दोन-चार तासांत आटपतो. आणि बसलेल्या माणसास आपलीं मुलेंबाळें जिवंत आहेत कीं नाहींत, ही काळजी नसते. फुकुशिमाच्या कित्येक कामगारांस ती होती. रस्ता वाहून गेला व दुसरी पाळी आलीच नाहीं, तर पहिल्या पाळीचा माणूस तिसाव्या तासाला किती चुकेल, ह्यासाठीं पक्का आंकडा कोणत्याही कोष्टकांत नाहीं.

आमच्या तालुक्यांस ही कल्पना परकी नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. ती बातमी कोणत्याही यंत्रानें दिली नाहीं. त्या रस्त्यानें जाणाऱ्या एस. टी. च्या चालकास जेथें गांव दिसावयाचें तेथें चिखल दिसला, तेव्हां ती जगास कळली. अशा पावसांत कोण कोठें पोंचूं शकेल, हें धरूनच कोणत्याही योजनेचा हिशेब केला पाहिजे. कोरड्या रस्त्यावरचा हिशेब तेथें कामाचा नाहीं.

म्हणून आतां तज्ज्ञ लोक आंकड्यापेक्षां प्रश्नांवर अधिक भर देतात, आणि शक्य तेथें वादळांतील विचारच आधीं उरकून ठेवतात. आमच्याजवळच खोडद येथें रेडिओ दुर्बिणीच्या तीस मोठ्या तबकड्यांचा जो विस्तार आहे, त्यांतील चौदा तबकड्या मध्यभागीं दाटीनें व बाकीच्या दूरवर पसरलेल्या आहेत. त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आहेत. ही संस्था १९४५ सालीं ज्या होमी भाभांनीं काढली, त्यांनींच पुढें आपल्या देशाच्या अणुशक्तीचा पाया घातला. वारा ठराविक वेगाबाहेर गेला म्हणजे ह्या तबकड्यांचीं तोंडें सरळ आकाशाकडे करून ठेवावयाचीं, असा नियम आहे. वारा सुटल्यावर वाद घालीत बसण्याचें कारण राहत नाहीं. निर्णय पूर्वींच झालेला असतो.

२०११ नंतर आपल्या देशांतील सर्व अणुशक्तिकेंद्रांचीही फेरतपासणी झाली, आणि सर्व वीज गेली तरी बाहेरून पाणी घालतां यावें म्हणून नळ जोडण्याचीं तोंडें बसविणें, अशासारख्या सुधारणा सुचविण्यांत आल्या. नळाचें तोंड बसविलें म्हणजे यंत्राचें काम झालें. मनुष्याच्या चुकीचें मोजमाप करणाराचें काम तेथून पुढें असतें. तो विचारतो: हा नळ कोण जोडणार? त्यास किती माणसें लागतात, आणि रात्रीच्या पाळीवर तितकीं असतात काय? किल्ली कोणाजवळ आहे? त्या तोंडापर्यंतची वाट पुराच्या पाण्यांत जाते काय? हातमोजे घालून ती कडी फिरते काय? टेलिफोन बंद असला तर हुकूम कोण नेणार? मग तो घड्याळ लावून उभा राहतो, आणि ते लोक दिवसाउजेडीं नळ जोडून दाखवितात. किती मिनिटें लागलीं तें तो टिपून घेतो. अंधार, पाऊस व वाटेंतील राडारोडा ह्यांच्यासाठीं त्यांत भर घालतो. आणि ती बेरीज, भट्टींतील पाणी आटण्यास जितका वेळ लागेल त्याच्या शेजारीं लिहितो. पहिला आंकडा दुसऱ्याहून बराच लहान असला तरच ती योजना मान्य होते. नसला तर नळाचें तोंड दुसरीकडे हलवावें लागतें, किंवा पाळीवर माणसें वाढवावीं लागतात.